उस्तादांचा हात

उस्ताद आधी मारायचे आणि मग नाव-गाव विचारायचे. ड्रायव्हर गाडीतून उतरून "पाट्याचं काम होतं" एवढं म्हणेपर्यंत त्याची मानगूट त्यांच्या डाव्या हातात आलेली असे. तशीच धरून ते त्याला गाडीखाली वाकवत, तुटका पाटा दाखवत आणि मग उजव्या हातानं एक सणसणीत ठेवून देत. "झुक. देख. फिर बोल." गिऱ्हाइकाचं स्वागत ते असं करत आणि त्यात लहान-मोठा, ओळखीचा-अनोळखी असा भेद नसे.

नांदेडात देगलूर नाक्याच्या पुढे गॅरेजांची रांग आहे. तिथं माझं पेंटिंगचं दुकान आणि त्याला लागून उस्तादांचं कमान-पाट्याचं. मी गाड्यांवर नावं, नंबर, कमळं आणि मोर काढायचो. ते गाडीच्या पोटाखालचं बघायचे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, पाटे म्हणजे चाकांवर एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. गाडीचं सगळं ओझं त्यांच्यावर. त्या भट्टीत लाल करायच्या, ऐरणीवर ठेवून घणानं वाक द्यायचा आणि पुन्हा रचायच्या. सकाळपासून तो घण सुरू झाला की माझ्या मोरांच्या माना वाकड्या व्हायच्या. तक्रार केली तर काय होईल हे ठाऊक असल्यामुळे मी वाकड्या मानेचे मोर काढायला शिकलो. पुढे लोक तसेच मोर मागायला लागले, हा भाग वेगळा.

हदगावकडचा एक कापसाचा टेम्पो आला होता. पाटा मधोमध चिरलेला, आणि त्या गड्यानं तो सायकलच्या ट्यूबनं गुंडाळून वर तार आवळली होती. उस्तादांनी वाकून पाहिलं. मग त्याला जे धरलं, ते टेम्पोभोवती फिरवत मारलं. तो ओरडत होता, "आवो, काय करून राहिले! म्या पैसे देऊन राहिलो ना!" मधे पडलेल्या चहावाल्यालाही एक बसली. दुपारी पाटा नवा झाला, दोघांनी एका ताटात जेवण केलं आणि गडी गेला. आम्हाला वाटलं, हा काही पुन्हा तोंड दाखवत नाही. पुढच्या कापसाला तो धाकट्या भावाला दंडाला धरून घेऊन आला. म्हणाला, "उस्ताद, ह्यालाबी एक हाना. घरात कुनाचंच ऐकत न्हाई."

असं असलं तरी मार खाऊन सगळेच शहाणे होत नाहीत. एका पांढऱ्या कपड्यांतल्या माणसाच्या भाच्याला त्यांनी असंच वाजवलं, तर संध्याकाळी मोटारसायकलींवरून पोरं आली. त्यांनी उस्तादांना भर रस्त्यात टामीनं, चाक खोलायच्या लोखंडी दांड्यानं, झोडपलं. मी शटर अर्धं ओढून आत बसलो होतो. माझा स्वभाव तसाच आहे. दुसऱ्या दिवशी उस्ताद हजर. एक डोळा मिटलेला, ओठ सुजून टमटमीत. पहिलं गिऱ्हाईक आलं, त्याला वाकवलं, पण मारलं मात्र हळूच. मी विचारलं, "काय उस्ताद, अक्कल आली का?" तर म्हणाले, "खांदा दुख रहा, पेंटर. परसों बराबर मारता."

एकदा चहा पिताना मी धीर करून विचारलंच, की माणसाशी गोड बोलून काम होत नाही का. त्यांनी बशी खाली ठेवली. म्हणाले, "मैं भी पहले प्यारसेच बोलता था. एक ड्रायव्हरकू हात जोडके बोल्या, जोडचाकाकू मोठे टायर नको डालो. हौ हौ बोल्या उने. लोहा गावाच्या पुढं गाडी पल्टी हुई. उने बी मर्‍या, बाजू में उसका बाप बैठा था, ओ बी मर्‍या." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "जिनकू मेरा हात लग्या, ओ सब जिंदे हैं. जाके गिन के आ."

मी कशाला मोजायला जातोय? पण त्या दिवसापासून शेजारी कुणी मार खायला लागला की मला त्याची पूर्वीइतकी कीव येईनाशी झाली.

हा हात हवेतच धरायची हिंमत जगात एकीचीच होती, त्यांच्या लेकीची. दुपारी ती डबा घेऊन यायची. बाप कुणाची तरी मानगूट धरून उभा असायचा. ती डबा ऐरणीवर ठेवून सरळ त्यांचं मनगट पकडायची आणि म्हणायची, "अब्बा, रोटी ठंडी होती." मानगूट सुटायची. ड्रायव्हर त्या मुलीला दुवा देत पळायचा आणि उस्ताद हात धुवायला जायचे. आई नसलेली पोर. तिच्या अंगाला त्यांनी आयुष्यात बोट लावलं नव्हतं. तिचं लग्न निलंग्याकडच्या एका गावात ठरलं, तेव्हा महिनाभर रांगेतल्या सगळ्यांनी जास्तीचा मार खाल्ला.

जावई पोरगा भला होता. मऊ बोलणारा, केसांना वळण देणारा. स्वतःचा पिकअप चालवायचा, मागं जोडचाकांचा. म्हणजे मागच्या बाजूला डावीकडे दोन आणि उजवीकडे दोन, शेजारी-शेजारी. मोबाइलवर त्या गाडीचे व्हिडिओ टाकायचा. आणि आता बघा गंमत. आपल्या भागात जावयाला किती जपतात हे मी सांगायला नको. घर कुठल्याही धर्माचं असो, जावई दारात आला की सासरा उभा राहतो. उस्तादांनी तर हद्द केली. ज्या माणसानं साध्या कपड्यातल्या हवालदारालाही "तू" म्हणून वाजवलं होतं, तो ह्या पोराला "आप" म्हणायचा. त्याच्यासमोर बिडी लपवायचा. आम्ही मागे हसायचो. नाक्यावर पैज लागायची की उस्ताद ह्याला कधी मारणार.

तो दिवस आला असं आम्हा सगळ्यांना वाटलं. जावई पिकअप घेऊन आला, आणि मागच्या हौद्यात नवेकोरे मोठे टायर होते. मिठाईचा पुडा पुढे करून म्हणाला, "मामू, गाडी उचल के देव. और ये टायर डालना है. उसाच्या रानात चिखलात बुडती, खाली घासती." ते खरंही होतं. पण गावात दुसऱ्या कुणीतरी उंच गाडी केली होती, हेही तितकंच खरं होतं.

रांगेतली सगळी हत्यारं थांबली. वेल्डिंगवाल्यानं डोळ्यांवरचा चष्मा वर केला. उस्ताद वाकले, गाडीखाली पाहिलं, हौद्यातले टायर पाहिले. उजवा हात वर गेला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ते त्याच हातानं स्वतःची टोपी सारखी करत होते. "आप चाय पियेंगे?"

मग त्यांनी त्याला शेजारी बसवून समजावलं. एवढं सावकाश बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. जोडीतल्या दोन चाकांत फट लागते. गाडी भरली की टायर खाली बसतो आणि बाजूंनी फुगतो. मोठे टायर घातले तर रिकाम्या गाडीत फट दिसेल, भरल्यावर दोन्ही टायर एकमेकांना घासतील. घासले की तापतील, तापले की फुटतील, आणि कुठं फुटायचं ते काही विचारून फुटत नाहीत. "गाडी मैं उठा देता," ते म्हणाले, "टायर मत डालो. मैं हात जोडता." आणि त्यांनी खरोखर हात जोडले. जावई ओशाळला. "हौ मामू, हौ," म्हणाला.

जावयानं पहिल्यांदाच काही मागितलं होतं, त्याला रिकामं कसं पाठवायचं? त्यांनी दोन दिवस दुसरं काम घेतलं नाही. नवे पाटे आपल्या हातानं तापवले, वाकवले, जास्तीचा पाटा घालून गाडी वर उचलली, लांब बोल्टांनी आवळली. घणाचा आवाज त्या दिवसांत वेगळाच यायचा, अंगात काही शिल्लक न ठेवता मारल्यासारखा. गाडी उंच आणि देखणी झाली. दारांवर मी एकेक मोर काढून दिला. जावई हात हलवत गेला, आणि उस्ताद रस्त्यात उभे राहून बघत राहिले. "दो बार हौ बोल्या उने, पेंटर," ते म्हणाले. मी म्हटलं, जावई आहे, ऐकेल. त्या दिवशी नंतर आलेल्या ट्रकवाल्याचे मात्र हाल झाले.

सोयाबीन निघालं तेव्हा लेकीला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी. जावई तिला पोचवायला येणार म्हणून उस्तादांनी भट्टी पेटवली नव्हती. नवा शर्ट घालून ते रस्त्याकडे तोंड करून बसले होते. मी रंग कालवत होतो. अचानक ते उठले. "जल रहा," म्हणाले. मला काही कळेना. मग मलाही वास आला, जळक्या रबराचा, आणि मागोमाग मोर रंगवलेला तो पिकअप वळणावर दिसला. पुढे बापाकडे बघून हसणारी लेक, आणि मागे मोंढ्यावर, धान्याच्या बाजारात, उतरवायची सोयाबीनची पोती. इतक्या लांब रिकामं कशाला यायचं म्हणून भरलेली. जोडचाकांना मोठे टायर होते. लातूरला दुसरीकडून घालून घेतले होते. दोन टायरांच्या मधून बारीक धूर येत होता.

उस्ताद वाकले. दोन टायरांच्या मध्ये बोट घालायला गेले, ते जाईना. टायरला हात लागला तसा चटका बसून मागे आला. पाटे उंच केले नसते तर ते टायर हौद्याला अडले असते, बसलेच नसते. त्यांनीच जागा करून दिली होती, हे त्यांना कळलं आणि मलाही कळलं.

ते जावयाकडे वळले. तो मागे सरकला. उस्तादांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. मग त्यांनी घण उचलला आणि स्वतःच्याच दुकानावर तुटून पडले. शटरचा पत्रा फाटला. पाण्याचा माठ फुटला. माझा अर्धा रंगवलेला बोर्ड बाहेर टेकवला होता, त्याचे दोन तुकडे झाले. लेक ओरडत होती, मनगट धरायला धावत होती. पण पोटुशीला जवळ कोण जाऊ देणार, गलका ऐकून आलेल्या बायकांनी तिला ओढून धरलं. शेवटी घण टाकून ते धापा टाकत म्हणाले, "मेरी बेटी इस गाडी में नै बैठेंगी. आपबी नै बैठेंगे. गाडी यहीं रहेंगी."

एवढ्या लोकांसमोर कुणी असं बोललेलं जावयाला सहन होत नाही. त्याचा चेहरा लाल झाला. त्यानं बायकोचा दंड धरला, तिला पुन्हा गाडीत बसवलं आणि तिला माहेरचं पाणीही न पिऊ देता त्याच गाडीतून परत नेलं. उस्ताद गाडीमागे धावले. लांबपर्यंत धावले. नवा शर्ट काखेत फाटला होता.

ती गाडी त्या दिवशी कशीबशी घरी पोचली. बाळंतपण सासरीच झालं. मुलगा झाला, ते फोनवरून कळलं. निरोप गेले-आले, आणि शेवटी व्याह्यांनी एक अट घातली: गावात येऊन माफी मागा, मग लेक-नातू घेऊन जा. उस्ताद म्हणाले, दहा वेळा मागतो. एकट्यानं जायला नको म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं. बसमध्ये मांडीवर बाळाच्या टोपड्यांची पिशवी धरून बसले होते. वाटेत त्यांनी कंडक्टरशीसुद्धा गोड बोलून तिकीट काढलं.

व्याह्यांच्या अंगणात गावातली पाच-पंचवीस माणसं जमली होती. दारात तो पिकअप उभा होता, वरपर्यंत ऊस भरलेला, तेच टायर. उस्तादांनी टोपी हातात घेतली आणि वाकून माफी मागितली. व्याह्यांची, जावयाची, गावाची. आतून बाळाचं रडणं ऐकू आलं तसा त्यांचा आवाज चिरकला. लोकांना बरं वाटलं. व्याहीही निवळले, चहा सांगितला. मग सहज बोलल्यासारखे म्हणाले, "माफी झाली. आता चारचौघांत एवढं म्हना, की टायर बराबर हैत, आमच्या पोराचं काही चुकलं न्हाई. ऊस कारखान्यावर खाली करू आन ह्याच गाडीत लेकीला, नातवाला बसवून तुमच्याबरोबर धाडून देऊ."

एक वाक्य. मी मनात म्हणत होतो, बोला उस्ताद, बोलून टाका, पुढचं पुढे बघू. दारातला पडदा हलला. लेक बाळाला घेऊन उभी होती. इतक्या लांबून बाळाचा चेहरा दिसत नव्हता, नुसती दुपट्याची गुंडाळी. उस्ताद तिकडे बराच वेळ बघत राहिले. मग पिकअपकडे गेले. लोकांना वाटलं, आता गाडीवर हात ठेवून बोलणार. व्याही हसले.

उसाच्या दोरात ऊसतोडीचा कोयता खोचलेला होता. तो कधी त्यांच्या हातात आला हे कुणालाच दिसलं नाही. "अब्बा!" म्हणून लेक ओरडली. भरल्या टायरच्या बाजूला हत्यार लावायचं नसतं, हवा माणसाला उचलून फेकते, हे त्यांनीच कितीतरी ड्रायव्हरांना मारून शिकवलं होतं. जावयाचे भाऊ धावले, पण त्याआधी कोयता बाहेरच्या टायरवर बसला होता, सगळ्या अंगाचा जोर लावून. असा आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता आणि पुन्हा ऐकायचा नाही. झाडावरचे कावळे उडाले. उस्ताद मागच्या मागे फेकले जाऊन दगडी कट्ट्यावर आपटले. गाडी एका अंगाला बसली आणि ऊस घरंगळत अंगणात आला.

धूळ खाली बसली तेव्हा फाटलेल्या टायरमागचा आतला टायर उघडा पडला होता. त्याची बाजू घासून घासून पार झिजली होती, आतले दोरे लोंबत होते. कारखान्यापर्यंतसुद्धा टिकला नसता. काठ्या घेऊन आलेले भाऊ ते बघून तिथंच थांबले.

लेक सगळ्यांना ढकलत आली. उस्तादांच्या कानांतून रक्त येत होतं, त्यांना काही ऐकू येत नव्हतं. तिनं बाळ त्यांच्या डोळ्यांपुढे धरलं. त्यांनी पाहिलं. हात पुढे केला, पण तो रक्तानं भरलेला होता म्हणून मागे घेतला. "किस पे गया रे?" असं फार मोठ्यानं विचारलं, बहिरी माणसं बोलतात तसं. "तुम पे, अब्बा," ती रडत म्हणाली. ते त्यांना ऐकू गेलं नसणार, तरी त्यांनी मान हलवली.

कुणाच्या तरी जीपमध्ये घालून आम्ही लातूर गाठायला निघालो. जावयानं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तो सारखा त्यांचा हात उचलून स्वतःच्या गालावर आपटायचा प्रयत्न करत होता. "मारो मामू, एक बार मारो मेरेकू." उस्तादांनी हात सोडवून घेतला. जावयाच्या गालाला आपलं रक्त लागलं हे त्यांनी पाहिलं, आणि अंगठ्यानं ते हळूहळू पुसायला लागले. पुसता पुसताच हात खाली पडला. लातूर अजून यायचं होतं.

दवाखान्याच्या आवारात जावई पायरीवर बसला होता. जाणारे-येणारे त्याच्या शर्टाकडे बघून बाजूनं जात होते. रडत नव्हता, काही नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "पेंटरकाका, अख्ख्या नांदेडला मारले मामूने. मेरेकूच नै मारे." पुन्हा तेच म्हणाला. पुन्हा म्हणाला. मी आयुष्यात कुणावर हात उचललेला नाही, घरातल्या पोरांवरसुद्धा नाही. मी त्याला कॉलरला धरून उभा केला आणि होती नव्हती ती ताकद लावून त्याच्या थोबाडीत मारली. माझाच पंजा झिणझिणला. त्यानं हात वर केला नाही. मग तो मोठ्यानं रडायला लागला. त्याचं रडणं थांबेपर्यंत मी त्याची कॉलर धरूनच उभा होतो. नंतर आम्ही दोघं उस्तादांना घेऊन जायला आत गेलो.